घाईत पाहिलेली काच

लाल रंगाची बारीक काडी मला अजून नको तिथे दिसते. निळ्या लुगड्याच्या नक्षीत दिसते. निळ्या बादलीच्या तळाला चिकटलेल्या मिरचीच्या सालीत दिसते. दिसली की हातातलं काम थांबतं. मी वाकून ती खरी काय आहे ते बघून घेते, मगच पुढे जाते. घरात सगळ्यांना याची सवय झाली आहे. नवरा विचारतो, "काय सापडलं?" मी म्हणते, "काही नाही."

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण चूक केंद्राची नव्हती, माझी होती. धाडच्या बाजाराला आमच्याकडून जीप जाते, एवढं सांगितलं तरी पुरे. गावातले लोक मला रक्त तपासणारी मॅडम म्हणतात. पण माझ्या नोकरीची निम्मी वर्षं बेडके तपासण्यात गेली. क्षयाचा संशय आला की माणसाचा बेडका एका लहान प्लॅस्टिकच्या डबीत घ्यायचा, काचपट्टीवर पातळ पसरवायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. मग त्यावर लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत खालून तापवायचं. नंतर आम्लाने धुतलं की बाकी सगळं आपला लाल रंग सोडून देतं. फक्त क्षयाचे जंतू सोडत नाहीत. शेवटी वरून निळा रंग. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे आमच्या दुर्बिणीखाली, सगळीकडे निळं दिसतं आणि त्यात, असलीच तर, लाल काडी. एका वेळी काचेचा तिळाएवढाही भाग दिसत नाही. म्हणून काच सरकवत सरकवत शंभर जागा बघायच्या. शंभर झाल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. आज हे काम मशीन करतं. तेव्हा डोळे करायचे.

दहीवाल्या मावशीची आणि माझी ओळख मात्र बेडक्यामुळे झाली नाही. ती माझ्या मुलीच्या पोटामुळे झाली.

मुलगी चार वर्षांची असताना तिला ताप आला. आम्ही घाबरलो आणि पंधरा दिवसांत दोन डॉक्टर बदलले. दोघांनीही जालीम औषधं दिली. ताप गेला, पण जुलाब लागले ते थांबेनात. पोरीचे हातपाय काडीसारखे झाले. कडेवर घेतली तर वजन जाणवत नव्हतं. शेवटी आमच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधांनी वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मारून टाकले. आता हे सगळं बंद करा. मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवा आणि ताजं दही-भात द्या."

मी जंतूंची परीक्षा पास झालेली बाई. पोटात चांगले जंतू असतात हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण माझ्या नोकरीत चांगला जंतू कधी भेटला नव्हता. आमच्याकडे जंतू सापडला म्हणजे कोणाच्या तरी घरी रडारड.

धाडच्या बाजारात, कांद्याबटाट्याच्या रांगेच्या शेवटी, बांगड्यांच्या दुकानाच्या सावलीला एक बाई दह्याची गाडगी घेऊन बसायची. साठीच्या आसपासची, उंच, आवाज पुरुषी. गाडग्यांवर ओलं फडकं. पळी घातली की दही कापल्यासारखं निघायचं. मी पोरीला कडेवर घेऊन उभी राहिले, तर तिने दह्याआधी पोरीकडे पाहिलं.

"काऊन वं, लेकराचं असं काय करून ठिवलं?"

मी सांगितलं. तिने दही दिलं, आणि वर माझ्याकडची स्टीलची डबी मागून घेऊन त्यात चमचाभर वेगळं काढून दिलं.

"हे विरजण हाये. रोज घरीच लाव अन् रोज ताजं दे. दूध तापवायचं, मंग कोमट होऊ द्यायचं. करंगळी बुडव. दहा मोजेस्तोवर सहन झालं त लाव. त्याच्याहून गरम असलं त मरते ते."

"मरते?" मी विचारलं. हा शब्द तिने वापरावा याचं मला नवल वाटलं.

"मंग? जीव हाये त्याच्यात. माह्या मायच्या घरचं हाये हे. लग्न होऊन आली तवा उंद्रीहून गाडग्यात घेऊन आली." मी संकोचून काही बोलायला लागले, तर म्हणाली, "विरजण मागाले लाजू नाई, अन् द्याले नाई म्हनू नाई."

आठव्या दिवशी माझ्या मुलीने दुसऱ्यांदा भात मागितला. तिसऱ्या आठवड्यात ती अंगणात पळायला लागली.

मला राहवलं नाही. एके दिवशी मी त्या दह्याचा ठिपका लॅबमध्ये नेला, काचेवर पसरवला, निळा रंग घातला आणि पाहिला. मण्यांच्या माळेसारखे गोल जंतू आणि त्यांच्यामध्ये लांब लांब काड्या. पुढच्या बाजारी मी मावशीला सांगितलं. ती हसली.

"माह्या दह्यात किडे हायेत म्हन्तं का?"

"किडे नाहीत मावशी. तेच दही लावतात."

"असू दे. पन बाजारात सांगू नको. कोनी घेयाचं नाई."

त्यानंतर वर्षभर आमचा हा रिवाज झाला. बाजाराच्या दिवशी मी तिच्याकडे थांबायची, ती मुलीचा दंड दाबून बघायची आणि म्हणायची, "भरली बरं का." ती तिच्या नातीचं सांगायची. नात तीन वर्षांची, आजीच्याच गोधडीत झोपणारी, आजीच्या हातचंच खाणारी. "रात्री माह्या नरड्याले मिठी मारते. श्वास घेऊ देत नाई," असं ती कौतुकाने सांगायची.

पावसाळा संपत आला तेव्हा ती खोकायला लागली. दही काढताना पळी बाजूला ठेवून, तोंडाला पदर लावून खोकायची. तीन आठवडे झाले तरी खोकला तोच. मीच तिला म्हटलं, "मावशी, आमच्याकडे या. बेडका तपासू. माझ्याच हाताने तपासते."

ती दुसऱ्याच दिवशी आली. एक नमुना त्या वेळी दिला, दुसरा पुढच्या सकाळचा घेऊन परत आली. तो दुसरा दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तापाची साथ होती. बाहेर ओट्यावर रांग, टेबलावर मलेरियाच्या काचांचा ढीग, मदतीला असणारी बाई रजेवर. पण खरं सांगायचं तर ढीग हे कारण नव्हतं. ढीग नेहमीच असायचा. मुलीच्या शाळेत त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं आणि मला चारची जीप पकडायची होती.

पहिली काच पातळ होती. बेडका कमी, थुंकीच जास्त. अशा वेळी परत नमुना मागायचा असतो. मी मागितला नाही. दुसरी काच बरी होती. मी काचेवर भिंगासाठीचा तेलाचा थेंब टाकून बघायला लागले. दहा जागा, वीस जागा. मनात मोजत होते, मग मोजायचं सोडलं. सगळं निळं. घड्याळाकडे पाहिलं. आणखी चारपाच जागा सरकवल्या आणि रजिस्टरमध्ये दोन्ही नमुन्यांपुढे 'निगेटिव्ह' लिहिलं.

मावशी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी पर्स खांद्याला लावूनच बाहेर आले.

"मावशी, काही नाही निघालं."

ती उठली. तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलावर कडाकड बोटं मोडली. डॉक्टरीणबाईंनी तिला आठवडाभराच्या गोळ्या दिल्या आणि खोकला राहिला तर परत यायला सांगितलं. मला चारची जीप मिळाली.

ती परत आली नाही. कशाला येईल? मीच सांगितलं होतं.

बाजारात ती दिसत राहिली. दिवाळी झाली, थंडी पडली. तिच्या गळ्याची हाडं वर आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी दर वेळी विचारायची, "खोकला कसा आहे?"

"थंडीचा हाये वं. तूच त पाह्यलं ना."

हे ती तक्रार म्हणून बोलत नव्हती. विश्वासाने बोलत होती. आणि मी तो विश्वास उचलून पर्समध्ये टाकून घरी यायची. दोनदा मनात आलं की परत नमुना मागावा. दोन्ही वेळा वाटलं, मागितला म्हणजे आधीचा नीट पाहिला नाही हे कबूल केल्यासारखं होईल. आज हे लिहिताना मला कळतं की घाईत पाहिलेल्या काचेपेक्षा हे मोठं पाप होतं. काच मी दहा मिनिटं चुकवली. हे मी चार महिने चुकवत होते.

एके दिवशी तिच्या जागी तिची सून गाडगी घेऊन बसलेली दिसली. "आत्याबाईले रक्ताची उलटी झाली. बुलढान्याले नेलं," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात बुलढाण्याहून आमच्या केंद्रात कागद आला. क्षय, बेडक्यात जंतू भरपूर, उपचार गावातच द्यावेत. वर तिचं नाव.

मी तो कागद रजिस्टरला लावला. मग दार लोटून घेतलं आणि काचांची पेटी काढली. तपासलेल्या काचा आम्ही लगेच फेकत नसू. जिल्ह्याहून पर्यवेक्षक यायचे, त्यातल्या काही काचा उचलायचे आणि आमचं वाचन बरोबर आहे का ते बघायचे. तिच्या काचा खाचेत जशाच्या तशा होत्या. त्यांवर माझ्या अक्षरात नंबर होता.

दुसरी काच दुर्बिणीखाली ठेवली. या वेळी मोजून बघत गेले. चाळीसपर्यंत सगळं निळं. त्या दिवशी मी याच्याही अलीकडे थांबले असणार. पन्नास ओलांडले. मग एका कोपऱ्यात, दोन निळ्या पेशींच्या मध्ये, एकमेकांवर तिरक्या पडलेल्या दोन लाल काड्या. स्पष्ट. कोणत्याही शिकाऊ मुलीला दिसल्या असत्या. पुढे आणखी एक. शंभर पुरे होईपर्यंत पाच झाल्या.

काच हातातून पडून फुटू शकत होती. फुटली असती तर कोणाला काही कळलं नसतं, आणि हेही माझ्या मनात येऊन गेलं. मी ती पुसली आणि खाचेत परत ठेवली. वाटलं, पर्यवेक्षक हीच काच उचलतील, मला बोलतील, नोटीस देतील, आणि हे संपेल. महिन्याभराने ते आले. त्यांनी पेटीतून काचा निवडल्या. तिच्या अलीकडची उचलली, तिच्या पलीकडची उचलली. आमच्या केंद्राचं काम चोख आहे, असं लिहून गेले. काही दिवसांनी त्या पेटीतल्या जुन्या काचा फिनाईलमध्ये बुडवून खड्ड्यात पुरल्या गेल्या. मीच पुरल्या.

पण त्याच्या आधी, कागद आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आरोग्यसेविकेबरोबर मी मावशीच्या घरी गेले होते. तिला सहा महिन्यांच्या गोळ्यांचा डबा द्यायचा होता, आणि घरात लहान मूल आहे का ते विचारायचं होतं. ते विचारायची मला गरज नव्हती.

नात ओसरीवर वाकळेवर पडली होती. सून म्हणाली, "आठ-दहा दिस झाले, ताप येते-जाते. उलट्या करून राह्यली. दुपारपासून डोये उघडत नाई." आरोग्यसेविकेने तिची मान उचलायचा प्रयत्न केला. मान वाकत नव्हती. दारातून थेट ऊन तिच्या तोंडावर येत होतं, तरी पापणी हलत नव्हती.

आम्ही समोर दिसली ती जीप थांबवली. मावशी खाटेवरून उठून दाराशी आली. तिच्याने उभं राहवत नव्हतं. तिने त्या पोरीच्या पायातला वाळा काढून स्वतःच्या मुठीत धरला.

जीप बुलढाण्याला गेली आणि तिथून नातीला मोठ्या दवाखान्यात हलवलं. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. ती पाच आठवडे तिथे होती. जगली. आणली तेव्हा चालताना झोकांड्या देत होती, ते नंतर सुधारलं. पण आई मागून हाक मारायची आणि पोरगी वळायची नाही. आधी वाटलं अशक्तपणा आहे. मग एके दिवशी तिच्या पाठीमागे पितळी परात पडली, आणि ती तशीच अंगणात माती उकरत बसली. एक कान पूर्ण गेला होता. दुसऱ्याने अगदी जवळचं, मोठं बोललेलं थोडं ऐकू यायचं.

गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले तेव्हा मावशीच्या अंगात जरा जीव आला. मी एकदा एकटीच गेले. ती मोरीपाशी बसून राखेने गाडगी घासत होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. तुमची काच मी नीट पाहिली नव्हती. त्यात जंतू होते. मी नंतर पाहिले.

तिचा हात थांबला नाही.

"एक काच पाह्याले किती टैम लागते?"

"दहा मिनिटं. पंधरा."

"तू किती पाह्यली?"

"दोन-तीन मिनिटं."

तिने गाडगं विसळलं, पालथं घातलं, दुसरं घेतलं.

"मंग बाकीचे मिनिटं कुठी गेले?"

जीप, शाळा, हे शब्द तोंडात आले आणि गिळले. तेही गाडगं पालथं घालून ती म्हणाली, "मी तिले रोज गोधडीत घेऊन निजली. तू म्हन्ली काही नाई, म्हनून निजली." आणि मग, "घरात सांगू नको. माहा पोरगा डोक्यानं गरम हाये. तो तुमाले मंग दारात उभं करनार नाई, अन् गोया राहून जाईन."

तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने हिशेबाने वागून दोघींचे उपचार चालू ठेवले, एवढंच.

सहा महिने पुरे झाले. तिचा बेडका मी तपासला, शंभर जागा, आणि मग पुन्हा शंभर. काही नव्हतं. ती बरी झाली. ती परत धाडच्या बाजारात जाऊन बसली, आणि तिचं दही कोणी घेईना.

रक्ताच्या उलटीची बातमी सगळीकडे झाली होती. लोक तिच्यासमोरून जायचे, मान वळवायचे. नेहमीची गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात पाकिटातलं दही घ्यायला लागली. मी स्वतः दोन बाजार तिच्या रांगेत गेले नव्हते. मनाला सांगत होते की तोंड दाखवायची लाज वाटते. ते अर्धंच खरं होतं.

तिसऱ्या बाजारी तिने मला लांबून पाहिलं आणि हाक मारली. मुलगी माझ्याबरोबर होती.

"तू सरकारी दवाखान्यातली हायेस. सगळे तुले वयखतात. इथं माह्या दुकानापुढं उभी राह्य अन् दही खाय. लोकाईनं पाह्यलं पायजे."

तिने पळीभर दही माझ्या हातावर घातलं. बांगडीवाला बघत होता, कांद्यावाल्या बाया बघत होत्या. मी खाल्लं. मग मोठ्याने सांगितलं की हा आजार खोकल्यातून, श्वासातून लागतो, तापवलेल्या दुधाच्या दह्यातून नाही. आणि यांचं औषध पूर्ण झालं आहे, यांच्यापासून आता कोणाला धोका नाही. सगळं खरं होतं. दहा वेळा वाचलेलं, शिकवलेलं.

"पोरीले दे ना," मावशी म्हणाली आणि पळी पुढे केली.

मुलीने हात पुढे केला होता. माझा हात तिच्या मनगटावर गेला. मी तिला मागे ओढलं नाही, पण धरलं. एक क्षण, दोन क्षण. याच दह्याने उभी राहिलेली पोरगी ती. आणि मला काय माहीत नव्हतं? मला सगळं माहीत होतं. मग मी हात सोडला आणि मुलीने दही खाल्लं.

मावशीने ते पाहिलं. तिने पळी गाडग्यात ठेवली, फडकं नीट केलं. त्या दिवशी दोन-तीन बायांनी दही घेतलं. पुढच्या बाजारी आणखी काहींनी. वर्षभरात तिचा धंदा बराचसा पूर्वीसारखा झाला. पण माझ्या मुलीचा दंड तिने त्यानंतर कधी दाबून पाहिला नाही.

मावशी आणखी नऊ वर्षं जगली. झोपेत गेली, छातीच्या आजाराचा काही संबंध नव्हता. मी मातीला गेले, बायांमध्ये मागे उभी राहिले. आमच्या दोघींतलं गुपित आता एकट्या माझ्याकडे आहे, हे मला तिथे उभं असताना कळलं. तिने ते खरंच घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या नवऱ्याचं थोडं शेत आहे. पेरणीच्या वेळी तो सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणूंची काळी भुकटी चोळतो. महिन्याभराने रोप उपटून दाखवतो. मुळांवर बारीक गाठी असतात. नखाने फोडली की आतून गुलाबी निघते. गुलाबी असली म्हणजे जंतू कामाला लागलेत, असं तो खुशीत सांगतो. मला ते कळतं, पण ती गाठ मी हातात घेत नाही. लाल-गुलाबी काही दिसलं की मी आधी मोजायला लागते.

मावशीची नात मोठी होत गेली. कानाचं यंत्र मिळवून द्यायला मी तिला दोन-तीनदा बुलढाण्याला घेऊन गेले. तिच्या घरचे मला फार मानतात. सून अजून म्हणते, "त्या दिवशी तुमी आल्या नसत्या त पोरगी गेली असती." मी खाली मान घालते, आणि त्यांना तो माझा नम्रपणा वाटतो. पोरगी हुशार निघाली. वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि शिकवणाऱ्याच्या ओठांकडे बघून अर्धं ऐकायची. बारावी झाली. तिला संभाजीनगरला शिकायला जायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी ती लॅबमध्ये आली. वसतिगृहाचा अर्ज होता. त्यात ऐकू न येण्याचं कारण आणि ते कोणत्या वयात झालं, असे दोन रकाने होते.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं. तिचा आवाज जरा मोठा आणि सपाट असतो. "आई म्हन्ते, ताप डोक्यात गेला. तसं लिहू का? तुमाले बरोबर माहीत असंन."

मी म्हटलं, "क्षयाचा मेंदूज्वर. वय तीन वर्षं." तिने लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "मले कसा झाला?"

"आजीकडून. तिला होता."

"आजीले माहीत नव्हतं?"

इथे थांबता आलं असतं. ती समाधान मानून निघून गेली असती, आणि आयुष्यभर आजीने निष्काळजीपणा केला असं समजली असती. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि बोलायला लागले. आजीने तपासायला दिलं होतं. दोनदा दिलं होतं. तपासणारी मी होते. मला जायची घाई होती. त्यात जंतू होते, आणि मी नाहीत असं लिहिलं. तुझ्या आजीने माझ्यावर विश्वास ठेवला.

बोलून झालं तरी ती माझ्याकडे बघतच होती. राग नाही, रडू नाही. कपाळाला एक आठी. मला वाटलं, आता ही उठून जाईल.

"परत सांगा," ती म्हणाली. "तुमी खाली पाहून बोलून राह्यल्या होत्या. मले काहीच समजलं नाई."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्या तोंडाकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द, कुठेही नजर न वळवता. या वेळी ते तिच्यापर्यंत पोचताना मला दिसत होतं. शेवटपर्यंत आल्यावर तिने डोळे माझ्या ओठांवरून काढले आणि अर्जाकडे वळवले. मग तिने अर्जाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि साडेतीनच्या एसटीसाठी निघून गेली.

तिला वसतिगृहात जागा मिळाली, हे मला तिच्या आईकडून कळलं.